जड नाव

विम्याच्या अर्जातल्या चौदाव्या प्रश्नापाशी आलं की बापाक हर्तोयो पेन खाली ठेवायचे आणि चहाचा पेला उचलायचे. आजही त्यांनी तेच केलं. पेला केव्हाच रिकामा झाला होता, तरी एक घोट घेतल्यासारखं करून ते म्हणाले, "म्बाक वाल, इथे आपण 'नाही' लिहून टाकू."

वालुयाती शिवणयंत्रावरून उठली नाही. शाळेच्या गणवेशांचे दिवस होते. दीडशे सदरे अजून बाह्यांवाचून पडले होते.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. 'विमा घेणाऱ्यास जन्मतः कोणता दोष होता काय?' नाही. दोन अक्षरांचं काम."

"आणि हे?" तिने गळ्याशी बोट नेलं. गळ्याच्या खळग्यापासून निघालेला पांढुरका व्रण सरळ खाली उतरला होता. वरचं बटण लावलं तरी त्याचं टोक दिसायचंच.

"लहानपणी उकळतं तेल सांडलं."

"सरळ रेषेत? पट्टी लावून?"

हर्तोयो हसले. गावात सगळे त्यांना आदराने बापाक म्हणत. ते शाळेत कवायतीचे मास्तर होते आणि निवृत्त झाल्यावर विम्याची कामं घेऊ लागले होते. क्लातेनमधल्या निम्म्या लोकांना त्यांनी कधी ना कधी मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या, त्यामुळे त्यांना दारातून परत पाठवायची कुणाची छाती नव्हती. वालुयातीला मात्र त्यांनी एकही फेरी मारायला लावली नव्हती. ती चिंचेखाली बसून सगळ्यांच्या चपला राखायची. तिच्या छातीत काय होतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि तरी ते 'नाही' लिहायला निघाले होते.

"म्बाक!" कोपऱ्यातून हाक आली.

"ओ," वालुयाती म्हणाली.

कोपऱ्यात चटईवर तिची धाकटी बहीण गिनुक बटणं निवडत बसली होती. गिनुक छत्तीस वर्षांची होती. जन्मतःच तिचं मन चार-पाच वर्षांच्या पोरीइतकं राहणार हे ठरून गेलं होतं. डॉक्टर त्याला डाऊन सिंड्रोम म्हणत, गल्ली तिला नुसतं गिनुक म्हणे, म्हणजे गुबगुबीत. मोठी बटणं एका डब्यात, लहान दुसऱ्यात, आणि दर थोड्या वेळाने एक हाक. काम काही नसायचं. म्बाक, म्हणजे ताई, आहे ना, एवढंच बघायचं असायचं. 'ओ' आली की ती परत बटणांकडे वळे. नाही आली तर खालचा ओठ थरथरू लागे, आणि मग तासभर तिला कुणी समजावू शकत नसे.

"बापाक," वालुयातीने धागा तोडला, "मी मेल्यावर कंपनीचा माणूस चौकशीला येणार. तेव्हा मी नसेन. आई तर त्याआधीच गेलेली असेल. तेल सांडलं होतं हे त्याला पटवून कोण देणार? गिनुक?"

हर्तोयोंनी गिनुककडे पाहिलं, मग कागदाकडे. "लिही बाई. 'होय' लिही. पण मग हेलपाटे घालायची तयारी ठेव."

हेलपाट्यांचं तिला कुणी सांगायला नको होतं. पहिल्या कंपनीने दोन वर्षांपूर्वी तिचं 'होय' वाचून दोन ओळींत नकार कळवला होता. आता ही दुसरी. हर्तोयोंनी स्वस्तातला, वीस वर्षांत संपणारा विमाही दाखवून पाहिला होता. "मी वीस वर्षांत मरेन याची हमी देता का?" तिने विचारलं होतं. "चौसष्टाव्या वर्षी विमा संपायचा आणि पासष्टाव्या वर्षी मी." तिला जन्मभराचा हवा होता, केव्हाही मेली तरी गिनुकच्या हाती काहीतरी पडेल असा. सेमारांगच्या चुलतबहिणीने स्वच्छ सांगितलं होतं: गिनुकला मी ठेवून घेईन, पण रिकाम्या हातांनी पाठवू नकोस, माझ्या नवऱ्याचा स्वभाव तुला माहीत आहे. चुलतबहीण वाईट नव्हती. निदान खोटं तरी बोलली नव्हती.

वालुयातीच्या हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मतः भोक होतं. सातव्या वर्षी एका धर्मादाय मंडळाच्या खर्चाने जकार्त्यात शस्त्रक्रिया झाली आणि भोकावर ठिगळ लावलं गेलं. त्याला सदतीस वर्षं झाली. अर्ज गेल्यावर सोलोच्या डॉक्टरांनी छातीवर गार जेल लावून, मशीनच्या पडद्यावर बघून सांगितलं, "ठिगळ उत्तम बसलंय, इबू. जागचं हललेलं नाही." ती शिवणकाम करणारी बाई. तिने विचारलं, टाका कुठला घातलाय, दिसतो का? डॉक्टर इतके हसले की मशीन बंद करावं लागलं. अहवाल चोख आला. पण कंपनीला तेवढ्याने भागत नव्हतं. शस्त्रक्रियेचा मूळ कागद हवा होता, तीस दिवसांत.

तो कागद घरातच होता, आईच्या, म्हणजे सिम्बोकच्या कपाटात, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. त्या कागदावर वालुयाती नावाची कुणी नव्हती, घोडं अडलं होतं ते तिथे.

तिचं पाळण्यातलं नाव कुसुमनिंगरात्री. बाप केतोप्राक नाटकमंडळीत दिवे लावायचा, आणि एका खेळातल्या राजकन्येचं हे नाव त्याला इतकं आवडलं की पहिल्या मुलीला त्याने ते देऊन टाकलं. पुढे शस्त्रक्रिया झाली, पण घरी आणल्यावर टाके पिकले, ताप उतरेना. तीन आठवडे पोर नुसती पडून होती. तेव्हा आजोबांनी सांगितलं, नाव जड झालंय पोरीला, पेलत नाही. असं झालं की आमच्याकडे नाव बदलतात. गूळ घातलेली तांबडी आणि नारळाच्या दुधातली पांढरी अशी तांदळाची पेज रांधली, चार घरची माणसं बोलावली, आणि पोरीला वालुयाती म्हटलं, म्हणजे बरी झालेली. चौथ्या दिवशी तिने भात मागितला. जन्माचा दाखला त्या काळी कुणी वेळेवर काढत नसे. तो नंतर निघाला, नव्या नावाने. शाळा, ओळखपत्र, सगळं नव्या नावाने. जुनं नाव त्या एका कागदावर उरलं आणि सिम्बोकने तो डब्यात कोंडला. त्या नावाने कुणी हाक मारायची नाही, आणि चुकून मारलीच तर वालुयातीने ओ द्यायची नाही. ओ दिली की नाव परत अंगाला चिकटतं, आणि नावाबरोबर दुखणं.

"म्हणजे दोन नावं एकाच माणसाची असल्याचा दाखला लागेल," गावकचेरीतली कारकून बाई म्हणाली. तिने फायलींआड शेंगदाणे ठेवले होते आणि ती मधूनमधून एक तोंडात टाकत होती. "त्यासाठी तेव्हाचं कुणी वडीलधारं माणूस हवं. त्याने इथे येऊन सांगायचं, दोन साक्षीदारांसमोर."

"लेखी आणलं तर?"

"तोंडी. माझ्यासमोर. आणि कागद आधी बघू."

कागद सिम्बोककडे, आणि तोंडही सिम्बोकचंच. वालुयाती घरी आली तेव्हा म्हातारी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून भिजलेलं सोयाबीन आंबवायला केळीच्या पानात बांधत होती. चौऱ्याहत्तर वर्षांची होती, पण पुड्या अजून एकसारख्या बांधायची.

"नाही," सगळं ऐकून ती म्हणाली.

"फक्त एकदा उच्चारायचंय, सिम्बोक."

"एकदा काय नि शंभरदा काय. तुझ्या बापाला तेव्हाच सांगितलं होतं मी, आपण पेज पिणारी माणसं, राजवाड्यातली नावं कशाला? ऐकलं नाही मेल्याने. तू माझ्या मांडीवर तीन आठवडे तापलीस, न्दुक. तुला आठवत नसेल, मला आठवतं. नाव बदललं आणि चौथ्या दिवशी तू भात मागितलास."

"चौथ्या दिवशी डॉक्टरांनी औषधही बदललं होतं."

"लागू पडलं ना? मग आता कशाला उकरतेस?"

"गिनुकसाठी."

"मी पण गिनुकसाठीच नाही म्हणतेय!" सिम्बोकने हातातलं पान आपटलं. "ते नाव परत आलं, तुला काही झालं, तर त्या पोरीला कोण बघणार? तुझा कागद तिला न्हाऊ घालेल? तिच्या हाकेला ओ देईल?"

गंमत अशी की वालुयाती स्वतः विमा काढत होती ते अगदी याच भीतीने. मायलेकी एकाच भोकाला दोन बाजूंनी ठिगळ लावत होत्या आणि एकमेकींना सुया टोचत होत्या.

पुढचे पंधरा दिवस तिने दुसरे रस्ते शोधले. जकार्त्याच्या रुग्णालयात फोन लावला. तिथल्या मुलीने सांगितलं, इतकी जुनी दप्तरं आमच्याकडे नाहीत. आजोबांच्या काळची शेजारीण शोधून काढली. तिला आता स्वतःचंच नाव आठवत नव्हतं. गावकचेरीत आणखी दोनदा गेली. एकदा साहेब नव्हते, एकदा शिक्का नव्हता. गणवेश राहिले ते राहिलेच, आणि शाळेचा शिपाई दारात येऊन तोंड वाजवून गेला. कचेरीतून तिसऱ्यांदा परतली तेव्हा तिने चपला काढल्या आणि उंबऱ्यात सिम्बोकच्या शेजारी बसकण मारली. तिला रडूसुद्धा येत नव्हतं, इतकी ती दमली होती.

"सिम्बोक, मी दमले."

"पाणी आणू?"

"पाणी नको. ऐक. तुझ्यानंतर गिनुकला मी आहे. माझ्यानंतर कुणी नाही. हे मी रोज बाह्या जोडताना मोजते, गळे लावताना मोजते. भीती मलाही वाटते. पण तू तुझी भीती एका नावात घातलीस, डब्यात बंद केलीस, कपाटाला कुलूप लावलंस. माझी कुठे ठेवू? मी ती घेऊन दारोदार फिरतेय, आणि जो तो म्हणतो, पुढच्या खिडकीत जा." ती थांबली. "मला बरं वाटावं म्हणून तू माझं नाव बदललंस ना? मग मला बरं वाटू दे."

सिम्बोकच्या पाच पुड्या बांधून झाल्या, सहावी झाली. मग आतून "म्बाक!" अशी हाक आली, आणि वालुयातीने बसल्या जागेवरून "ओ" दिली. सिम्बोकने मान वर करून लेकीकडे पाहिलं.

"तुझ्या वाराला जाऊ," ती म्हणाली. "दुसऱ्या कुठल्या दिवशी मी येणार नाही."

वालुयातीचा जन्म लेगीच्या गुरुवारचा. आमचा बाजारांचा आठवडा पाच दिवसांचा, लेगी त्यातला एक दिवस, आणि सगळ्या जगाचा सात दिवसांचा. दोन्ही जुळून लेगीचा गुरुवार यायला पस्तीस दिवस लागतात. कंपनीची मुदत तीस दिवसांची. पुढचा लेगीचा गुरुवार पडत होता मुदत संपल्यावर तीन दिवसांनी. हर्तोयोंनी कपाळाला हात लावला आणि मुदतवाढीचा अर्ज केला. कंपनीने दहा दिवस वाढवून दिले.

"कारण काय लिहिलंत?" वालुयातीने विचारलं.

"खरं कारण लिहिलं. आई वार बघतेय म्हणून." ते जरा ओशाळले होते. "तुझी संगत लागली. पण अर्ज वाचणारा साहेब आपल्या वोनोगिरीकडचा निघाला. त्याने काही विचारलंच नाही."

लेगीच्या गुरुवारी सिम्बोकने पहाटे उठून पेज रांधली, अर्धी तांबडी, अर्धी पांढरी, आणि लग्नातल्या पिवळ्या डब्यात भरून घेतली. गिनुकला शेजारी सोडलं. हर्तोयो आणि गल्लीतला केशकर्तनवाला साक्षीला आले. कचेरीत कागद उलगडला गेला, कारकून बाईने शेंगदाणे बाजूला सारले आणि म्हणाली, "बोला आजी. मोठ्याने बोला, मला टाइप करायचंय."

सिम्बोकने वालुयातीला खूण केली. "तू बाहेर जा. आणि ऐकू आलं तरी ओ द्यायची नाही."

"अहो आजी, जिचा दाखला तिनेच बाहेर जायचं?"

"ती बाहेर जाईल तेव्हाच मी तोंड उघडेन."

वालुयाती बाहेर ओट्यावर झेंड्याच्या खांबापाशी उभी राहिली. खिडकीच्या झडपा उघड्या होत्या. आधी काही वेळ नुसती खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग सिम्बोकचा. "कुसुमनिंगरात्री," ती म्हणाली. "माझी मुलगी."

वालुयातीला वाटलं होतं, म्हातारी भीत भीत, कापऱ्या आवाजात म्हणेल. तसं झालं नाही. अंगणात खेळणाऱ्या पोरीला जेवायला बोलवावं तशी सिम्बोक म्हणाली, लाडाने, शेवटचं अक्षर लांबवून. सदतीस वर्षं तिने हे नाव तोंडात धरून ठेवलं होतं आणि ते जरासुद्धा शिळं झालं नव्हतं. 'ओ' अगदी वालुयातीच्या ओठांवर आली होती. आईने बजावलं होतं म्हणून तिने ती गिळली आणि झेंड्याच्या दोरीची गाठ घट्ट करत राहिली.

आत बोलावल्यावर तिने पाहिलं, तर सिम्बोक सगळ्यांना पेज वाढत होती. "खा. खाताना म्हणा, हिचं नाव वालुयाती." साक्षीदारांनी म्हटलं. कारकून बाईनेही म्हटलं, दोनदा वाढून घेतली, आणि शिक्का मारताना विचारलं की गूळ कुठल्या दुकानातला.

पाच आठवड्यांनी हर्तोयो नवा सदरा घालून आले. काखेत निळी फाइल होती. हप्ता दीडपट लागला होता, पण विमा मंजूर झाला होता, मरेपर्यंतचा, आणि वारसाच्या जागी गिनुकचं कागदोपत्री नाव होतं. "पहिलं पान वाचून दाखवायचा नियम आहे," ते म्हणाले, आणि मैदानावर हजेरी घेतल्यासारखे ताठ उभे राहून वाचू लागले, "विमा घेणाऱ्याचं नाव, वालुयाती, उर्फ कुसुमनिंगरात्री..."

"हळू वाचा ना!" वालुयाती म्हणाली, पण तोवर उशीर झाला होता. कवायतीच्या मास्तरांचा आवाज स्वयंपाकघर ओलांडून परसातल्या कोंबड्यांपर्यंत गेला होता. हर्तोयोंनी जीभ चावली, उरलेलं पान पुटपुटत संपवलं, सही घेतली आणि चहा न पिताच निघून गेले.

वालुयाती फाइल मांडीवर घेऊन बसली. आनंद होईल असं तिला वाटलं होतं. प्रत्यक्षात खांदे दुखत होते आणि झोप येत होती. तिने फाइल कापडांच्या गठ्ठ्यावर ठेवली आणि यंत्राच्या सुईत दोरा ओवायला घेतला.

"कुसुम," कोपऱ्यातून आवाज आला.

गिनुकने बटणं खाली ठेवली होती. नवीन खाऊ चाखून बघावा तशी ती ओठ हलवत होती. "कुसुम!" तिने परत म्हटलं आणि खुदकन हसली. म्बाककडे बघून, मान वाकडी करून, हाक मारली, "कुसुम!"

वालुयातीचा हात दोऱ्यासकट तिथेच थांबला. स्वयंपाकघराच्या दारात सिम्बोक येऊन उभी होती, हातात केळीचं पान. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. गिनुक वाट बघत होती. हसू हळूहळू मावळलं. तिने एकदा सिम्बोककडे पाहिलं, एकदा म्बाककडे, आणि खालचा ओठ थरथरू लागला.

"कुसुम?"

वालुयातीने आईकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" सिम्बोक म्हणाली. आवाज तिच्या ताब्यात नव्हता. "बहीण हाक मारतेय ना? ओ दे तिला."

"ओ," वालुयाती म्हणाली.